चिंता व खिन्नता यांचे मापन : मराठी प्रश्नावल्यांची एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंबईच्या उपनगरांत चिंता व खिन्नता यांविषयी पदव्युत्तर पातळीवर जे संशोधन होते, त्याचा आराखडा बहुधा ठरून गेलेला असतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील एखाद्या महाविद्यालयातून, कार्यालयातून अथवा वस्तीतून शंभर-दोनशे व्यक्ती निवडल्या जातात. मूळ इंग्रजीत तयार झालेली एखादी प्रश्नावली मराठीत आणून त्यांच्या हाती दिली जाते. उत्तरांच्या गुणांची बेरीज होते. स्त्रिया व पुरुष, नोकरी करणाऱ्या व घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, कला व विज्ञान शाखांचे विद्यार्थी अशा गटांच्या मध्यमानांची तुलना 'टी' कसोटीने केली जाते. आणि अखेरीस अमुक टक्के व्यक्ती 'मध्यम' व अमुक टक्के 'तीव्र' खिन्नतेने ग्रस्त आहेत, असे विधान केले जाते. यातील आकडेमोड सहसा चुकत नाही. शंका आहे ती आकडेमोडीच्या आधीच्या पायरीविषयी. ज्या उत्तरांची बेरीज केली, ती उत्तरे नेमक्या कोणत्या प्रश्नांना मिळाली होती? संशोधकाने जो प्रश्न विचारला असे त्याला वाटते, तोच प्रश्न उत्तर देणाऱ्याने वाचला होता काय?

हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नव्हे. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक होती. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणती ना कोणती मानसिक व्याधी असल्याचे त्यात आढळले. परंतु त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे स्थानिक स्वरूपाच्या लहान अभ्यासांवर मोठा भार पडतो. हे अभ्यास सदोष असतील, तर हानी दोन्ही बाजूंनी होते. परिस्थितीने गांजलेल्या माणसावर रुग्णाचा शिक्का बसतो. आणि ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे, तो 'सौम्य' या रकान्यात जाऊन दृष्टीआड होतो.

२. साधनांची मूळ प्रयोजने

प्रचलित साधनांपैकी प्रत्येक साधन एका विशिष्ट कामासाठी घडवलेले आहे, ही गोष्ट ती वापरताना विसरली जाते. जॅनेट टेलर यांची १९५३ ची चिंता-मापिका ५० विधानांची होती. अध्ययनविषयक प्रयोगांसाठी कमी व अधिक चिंतेचे प्रयुक्त निवडून काढणे, हा तिचा हेतू. रोगनिदान हा नव्हे. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० ची खिन्नता-मापिका रुग्णाने भरावयाची नाहीच. जिचे निदान आधीच झाले आहे, अशा व्यक्तीची मुलाखत घेऊन आजाराची तीव्रता वैद्याने ठरवावी, यासाठी ती आहे. ॲरन बेक यांच्या १९६१ च्या सूचीत २१ विधानगट असून प्रत्येकास ० ते ३ गुण आहेत. तीही प्रारंभी प्रशिक्षित मुलाखतकार वाचून दाखवीत असे. झिगमंड व स्नेथ यांनी १९८३ मध्ये जी १४ प्रश्नांची मापिका तयार केली, ती सामान्य रुग्णालयातील शारीरिक व्याधीच्या रुग्णांसाठी होती. म्हणून तिच्यातून थकवा, भूक इत्यादी शारीरिक लक्षणे हेतुपूर्वक वगळली गेली.

आज सर्वाधिक वापरात असलेल्या दोन प्रश्नावल्या याहून अलीकडच्या आहेत. क्रेंकी, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली नऊ प्रश्नांची आरोग्य-प्रश्नावली खिन्नतेसाठी आहे. ती अमेरिकेतील दवाखान्यांत आलेल्या ६,००० रुग्णांना देण्यात आली. त्यांपैकी ५८० जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली, आणि त्या तुलनेत १० गुणांच्या सीमेवर तिची संवेदनशीलता व विशिष्टता प्रत्येकी ८८ टक्के ठरली. चिंतेसाठीची सात प्रश्नांची मापिका २००६ ची. तिची सीमाही १० गुणांचीच असून तिची संवेदनशीलता ८९ व विशिष्टता ८२ टक्के नोंदवली गेली. दोन्हींची मराठी रूपे उपलब्ध आहेत, त्या विनामूल्य आहेत आणि पाच मिनिटांत भरून होतात. त्यांच्या लोकप्रियतेची कारणे येथेच सापडतात.

परंतु '१०' हा आकडा एका विशिष्ट भाषेत, विशिष्ट देशात, काही ना काही तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसांवरून आलेला आहे. मुलुंडच्या महाविद्यालयात तास संपल्यावर बाकांवर बसून प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्यांना तो तसाच्या तसा लावताना काही पुरावा द्यावा लागतो. बहुतेक वेळा असा पुरावा दिला जात नाही. मूळ निबंधातील विश्वसनीयता-गुणांक उद्धृत करून ती जबाबदारी संपली असे मानले जाते.

या बाबतीत मराठी भाषकांपुढे एक जुना व चांगला आदर्श आहे. वि. वि. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतरित केली आणि तिचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशातील वयोमाने उसनी न घेता इथल्याच मुलांना चाचणी देऊन ती नव्याने प्रमाणित करण्याचे श्रम त्यांनी घेतले. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात जे तेव्हा आवश्यक वाटले, ते भावनांच्या मापनात अनावश्यक मानण्याचे काही कारण दिसत नाही. उलट, ठोकळे रचण्यापेक्षा मनाची अवस्था सांगणे हे काम भाषेवर कितीतरी अधिक अवलंबून असते.

३. शब्दांचे अर्थ

मराठी प्रश्नावल्यांत वारंवार येणारे तीन-चार शब्द तपासून पाहिले असता अडचण कोठे आहे, हे स्पष्ट होते.

पहिला शब्द 'निराशा' व त्यावरून घडवलेला 'नैराश्य'. पुस्तकी मराठीत नैराश्य हा आता रोगवाचक शब्द झाला आहे. तथापि बोलण्यात 'निराशा' ही नेहमी कशाची तरी असते : निकाल लागला आणि निराशा झाली, स्थळ जुळले नाही आणि निराशा झाली. तिला कारण असते, आणि कारण दूर झाले की ती ओसरते. वैद्यकाला अभिप्रेत असलेली अवस्था, जिच्यात कारण सापडत नाही किंवा कारणाच्या मानाने दुःख फार मोठे असते, तिच्याकडे हा शब्द बोट दाखवीत नाही. 'गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटले का?' या प्रश्नाला बारावीचा विद्यार्थी जे उत्तर देतो, ते पुष्कळदा चाचणी-परीक्षेच्या गुणांविषयीचे असते.

दुसरा शब्द 'उदास'. सामान्य बोलीत तो सर्वांत जवळचा आहे. परंतु त्याच्यामागे एक वेगळी परंपरा उभी आहे. गीतेपासून दासबोधापर्यंत 'उदासीन' हा शब्द अलिप्त, तटस्थ, विषयांपासून मन काढून घेतलेला अशा अर्थाने येतो आणि तेथे तो दोष नसून गुण आहे. कीर्तन-प्रवचनांत वाढलेल्या वृद्ध व्यक्तीला संसारात मन रमत नाही असे म्हणताना लाज वाटत नाही. किंबहुना त्यात थोडे समाधानही असते. गणनाथ ओबेयसेकेरे यांनी १९८५ मध्ये श्रीलंकेतील बौद्ध समाजासंबंधी हाच मुद्दा मांडला होता : जगाविषयीची निराशा ही जेथे धर्मचिंतनाची पायरी मानली जाते, तेथे तिला लक्षण म्हणून मोजता येईल काय? याचा अर्थ वारकरी घरातील वृद्धाला खिन्नतेचा विकार होत नाही असा नव्हे. विरक्ती व विकार यांतील भेद 'उदास' या एका शब्दावर खूण करून घेतल्याने कळणार नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा शब्द 'काळजी'. चिंता-मापिकेतील दोन प्रश्न काळजी आवरता न येणे आणि निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी करणे यांविषयी आहेत. मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. दोहोंसाठी शब्द एकच. मुलाची काळजी नसलेली आई म्हणजे बेफिकीर आई. अशा स्थितीत 'तुम्ही फार काळजी करता का?' हा प्रश्न लक्षणाविषयीचा राहत नाही. तो कर्तव्याविषयीचा होतो. 'हो' म्हणणारी स्त्री आपण घरासाठी झिजतो हे सांगत असते, आणि 'नाही' म्हणणे तिला स्वतःवर ठपका ठेवण्यासारखे वाटते. स्त्रियांच्या गटाचे मध्यमान पुरुषांपेक्षा अधिक आले की त्यावरून स्त्रीस्वभावाविषयी निष्कर्ष काढण्याची घाई होते. त्या फरकाचा किती भाग विकाराचा आणि किती भाग या शब्दाचा, हे आधी वेगळे करावयास हवे. 'काळजी' ऐवजी 'चिंता' वा 'दुश्चिंता' घातल्याने अडचण सुटत नाही. 'चिंता' शब्दात कर्तव्याची छटा कमी आहे, पण तोही पुस्तकी आहे. 'दुश्चिंता' तर वर्गाबाहेर कोणी उच्चारीत नाही.

उपनगरांत या सर्वांच्या जागी प्रत्यक्षात जो शब्द वापरला जातो तो 'टेन्शन'. मराठी, गुजराती व हिंदी अशा तिन्ही भाषांत तो सारखाच रुळला आहे. त्याची क्रियापदे पाहण्यासारखी आहेत : टेन्शन येते, टेन्शन घेतात आणि टेन्शन देतात. ज्याअर्थी ते दिले जाते, त्याअर्थी देणारा कोणीतरी असतो. नवऱ्याचे पिणे, सावकाराचा हप्ता, घर रिकामे करण्याची नोटीस, शाळेचा प्रवेश हे ते देणारे. गोव्यातील खिन्नतेच्या रुग्ण स्त्रियांचा जो अभ्यास २००७ मध्ये परेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, त्यातही स्त्रियांनी आपल्या अवस्थेची कारणे प्रामुख्याने आर्थिक ओढाताण व वैवाहिक संबंध यांत सांगितली. शरीरातील एखादा रोग म्हणून त्यांनी तिच्याकडे क्वचितच पाहिले. प्रश्नावली मात्र 'काय होते' एवढेच विचारते, 'कोणामुळे' हे विचारीत नाही. म्हणजे उत्तर देणारी स्त्री जे प्रथम सांगू इच्छिते, त्यासाठी कागदावर जागाच नसते.

४. व्याकरण आणि शरीर

शब्दांच्या पलीकडे वाक्यरचनेचाही प्रश्न आहे. मराठीत भावनेचा अनुभव घेणारा बहुधा चतुर्थीत असतो : मला वाईट वाटते, मला भीती वाटते, मला करमत नाही. भावना येते, वाटते, होते. माणूस तिचा कर्ता नसतो. 'मी उदास आहे' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले, तरी त्यातून उदासी हा त्या व्यक्तीचा धर्मच आहे असे सूचित होते, आणि तसे कबूल करणे पुष्कळांना जड जाते. एकाच प्रश्नाची ही दोन रूपे समान मानता येणार नाहीत.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण 'वाटणे' या क्रियापदाचे आहे. ते भावनेचे आहे आणि मताचेही आहे. 'मला वाईट वाटते' येथे भावना आहे. 'मला वाटते तो येणार नाही' येथे अंदाज आहे. बेक यांची सारी उपपत्ती विचार व भावना यांच्या पृथक्करणावर उभी आहे : स्वतःविषयी, जगाविषयी व भविष्याविषयी विपरीत विचार आधी येतो आणि खिन्नता त्यातून उद्भवते. 'आपला घरच्यांना काही उपयोग नाही असे वाटते' या वाक्यावर खूण करणारा वृद्ध आपली भावना सांगतो की वस्तुस्थितीविषयीचे मत? निवृत्तीनंतर मुलाच्या घरी, दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते मत अगदीच निराधार नसेलही. ते विकृत विचाराचे चिन्ह मानावयाचे की नाही, हे वाक्यावरून ठरत नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारूनच ठरते.

शरीर व मन यांच्या विभागणीविषयीही असेच म्हणावे लागते. मराठी माणूस ज्याला 'जीव' म्हणतो, तो धड शरीर नव्हे आणि धड मन नव्हे. जीव घाबरतो, कासावीस होतो, खालीवर होतो, टांगणीला लागतो. आणि सकाळी उठणे जीवावर येते. हा शेवटचा वाक्प्रयोग उत्साह व शक्ती या दोन्हींचा ऱ्हास एकदमच सांगतो. नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मात्र ते दोन वेगळे प्रश्न आहेत. भारतीय रुग्ण मनाचे दुःख शरीराच्या भाषेत मांडतात, असे विधान पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळते आणि त्यात मागासलेपणाचा एक सूक्ष्म सूर असतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतील अभ्यासाचे जे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत खिन्नतेच्या रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्ण केवळ शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. परंतु थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे अवघे ११ टक्के होते. शरीराची तक्रार घेऊन वैद्याकडे जाणे ही सर्व जगाची रीत आहे. फरक पडतो तो पुढे कोणी, कसे व किती वेळ विचारले, याने.

५. स्थळ आणि राहणी

खिन्नतेच्या नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक व हालचालींचा मंदपणा अथवा अस्वस्थता हे चार प्रश्न शरीराशी निगडित आहेत. प्रत्येकास कमाल ३ गुण, म्हणजे एकूण १२. सीमा १० गुणांची आहे. ज्या वस्तीत नळाला पाणी पहाटे येते, तेथील स्त्री चार वाजता उठते. डबे करून बोरिवलीहून गर्दीची गाडी धरते. रात्री परतल्यावर अकराच्या आत तिची पाठ टेकत नाही. झोप पुरत नाही, थकवा रोजचा आहे, जेवणाची वेळ नाही. तिने तीन प्रश्नांवर प्रामाणिकपणे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली की ९ गुण झाले. आणखी एका गुणाने ती 'मध्यम खिन्नते'च्या गटात जाते. तिला खिन्नता नसेलच असे कोणी म्हणू नये. असे जिणे खिन्नतेला आमंत्रणच असते. परंतु पाण्याची वेळ बदलल्याने जे गुण उतरतील, ते आणि औषध वा समुपदेशन यांनी जे उतरतील ते, यांत भेद करता आला नाही, तर मापनाचा उपयोग काय?

भाषेच्या बाबतीतही उपनगर हे एक स्थळ नव्हे. २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाते. हे अंतर सुमारे साडेअकरा किलोमीटर आहे. तिच्या एका टोकाला वेसाव्याचा कोळीवाडा आणि दुसऱ्या टोकाला गुजराती वस्तीचे घाटकोपर. वाटेत गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची मराठी आहे, आणि कोकणातून व देशावरून आलेल्यांच्या बोलीही आहेत. 'मराठी भाषांतर' म्हणून जे तयार होते, ते या सर्वांपुढे सारखेच परके असते. कारण ते पुस्तकांच्या मराठीत असते.

भाषांतराच्या अचूकतेसाठी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये पुरस्कारलेली उलट-भाषांतराची पद्धत वापरली, एवढे सांगून हा प्रश्न मिटवला जातो. इंग्रजीचे मराठी एकाने करावे, मराठीचे पुन्हा इंग्रजी दुसऱ्याने करावे आणि दोन्ही इंग्रजी रूपे ताडून पाहावी, अशी ती पद्धत. ती उपयुक्त आहे, पण तिच्यात दोन द्विभाषक विद्वान एकमेकांना समजले एवढेच सिद्ध होते. 'डिप्रेशन'चे 'नैराश्य' आणि 'नैराश्य'चे पुन्हा 'डिप्रेशन' हा प्रवास निर्दोष होतो. ज्या स्त्रीने तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नाही, तिच्यापर्यंत तो पोहोचला की नाही, हे त्यातून कळत नाही.

६. संख्येची मर्यादा

भाषेचे सर्व आक्षेप क्षणभर बाजूला ठेवले आणि प्रश्नावली मराठीतही मूळ इतकीच अचूक आहे असे मानले, तरी एक गणिती मर्यादा उरते. बोरिवलीतील १,००० प्रौढांची पाहणी केली आणि त्यांपैकी ५ टक्क्यांना, म्हणजे ५० जणांना खरोखर खिन्नतेचा विकार आहे, अशी कल्पना करू. ८८ टक्के संवेदनशीलतेने त्यांतील ४४ जण सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी व्यक्तींपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण चुकून सीमेपलीकडे जातील. एकूण १५८ जणांवर खूण होईल आणि त्यांत खरे रुग्ण ४४, म्हणजे सुमारे २८ टक्के. 'बोरिवलीतील सुमारे १६ टक्के प्रौढ खिन्नतेने ग्रस्त' असे शीर्षक या पाहणीवरून सहज तयार होईल आणि ते वस्तुस्थितीच्या तिपटीहून अधिक असेल. हीच प्रश्नावली विकाराचे प्रमाण २० टक्के असलेल्या दवाखान्यात वापरली, तर २०० पैकी १७६ सापडतील, ८०० पैकी ९६ चुकून येतील, आणि खूण झालेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के खरे रुग्ण असतील. साधन तेच, पण स्थळ बदलताच त्याच्या शब्दाची किंमत बदलते.

ही केवळ कागदावरची भीती नव्हे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत अशा पाच प्रश्नावल्यांची तुलना करून २००८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सर्वोत्तम सीमा निवडूनही, खूण झालेल्यांपैकी निदान-मुलाखतीत खरे ठरलेल्यांचे प्रमाण ५१ ते ७७ टक्क्यांच्या दरम्यान होते. काळजीपूर्वक भाषांतर, स्थानिक सीमा आणि दवाखान्यातील रुग्ण या सर्व अनुकूल गोष्टी असताना ही स्थिती. मग महाविद्यालयाच्या वर्गात ती काय असेल, याचा विचार संशोधकाने करावा.

७. मुंबईतच घडलेला दुसरा मार्ग

या टीकेचा निष्कर्ष 'प्रश्नावल्या टाकून द्याव्यात' असा नाही. गोव्यातीलच २०१० च्या 'मानस' प्रयोगात १२ सरकारी व १२ खासगी दवाखान्यांत आधी प्रश्नावलीने छाननी झाली आणि नंतर प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी उपचारांत भाग घेतला. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसून आले. तज्ज्ञ थोडे आणि गरजू फार, अशा देशात छाननीचे साधन लागणारच. पण तेथे प्रश्नावली हा पहिला दरवाजा होता आणि त्यातून आत आलेल्या माणसाशी बोलणारा कोणी तरी आत बसलेला होता.

आश्चर्याची गोष्ट ही की, माणसाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकून मग ते मोजण्याची एक जगन्मान्य पद्धत मुंबईतच आकारास आली. मिचेल वाइस, दि. रु. दूनगाजी व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत कुष्ठरोग व मानसिक आरोग्य यांचा अभ्यास करताना एक मुलाखत-सूची तयार केली व ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तुम्हाला काय त्रास होतो, त्याला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, आणि त्यासाठी तुम्ही कोणाकडे गेलात, या क्रमाने ती पुढे जाते. उत्तर प्रथम व्यक्तीच्या शब्दांत नोंदले जाते आणि मग त्याचे वर्गीकरण होते. म्हणजे संख्या मिळते, पण शब्द हरवत नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांत वापरली गेली.

उपनगरांशी संबंध असलेले कामही याच परंपरेतले आहे. शुभांगी पारकर, फर्नांडिस व वाइस यांचा २००३ चा निबंध मालाडच्या मालवणी वस्तीवर आहे. मानसिक आरोग्य हे स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या अनुभवांच्या व वस्तीतील राहणीच्या संदर्भात पाहावे लागते, हे त्यात मांडले आहे. आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्ये ज्याला प्रवर्गदोष म्हटले, म्हणजे एका संस्कृतीत घडलेला रोगप्रवर्ग दुसरीवर लादून तो तेथे 'सापडला' असे जाहीर करणे, त्यापासून सुटण्याचा मार्ग असा आहे. मालवणीपासून अंधेरी वा बोरिवली दूर नाही. तरीही उपनगरांतील प्रबंधांच्या ठरीव आराखड्यात या कामाला जागा मिळत नाही, आणि अमेरिकेतील नमुन्यांच्या सीमा निमूटपणे उतरवून घेतल्या जातात.

८. नववा प्रश्न

या सर्व चिकित्सेत एक गोष्ट पद्धतिशास्त्रापेक्षा तातडीची आहे. खिन्नतेच्या प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. मराठीत 'यापेक्षा मेलेले बरे', 'सुटले असते एकदाची' अशी वाक्ये रोजच्या वैतागातही तोंडून जातात. म्हणून या प्रश्नावरील खूण हलक्याने घेण्याचा मोह होतो. परंतु वैताग आणि संकट यांतील भेद खुणेवरून कळत नाही, हेच खरे तर त्या खुणेकडे ताबडतोब पाहण्याचे कारण आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाखाली दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये, असे ठरवले. तरी जुनी भीती समाजातून गेलेली नाही. त्या भीतीवर मात करून जर कोणी या प्रश्नापुढे खूण केली असेल, तर ती कोणीतरी वाचावी या अपेक्षेने केलेली असू शकते.

आणि प्रत्यक्षात काय होते? प्रश्नावल्या निनावी भरून घेतल्या जातात, गठ्ठा बांधला जातो, सत्र संपल्यावर सवडीने त्यांची आकडेमोड होते. नवव्या प्रश्नावरील '३' हा गुण त्या वेळी सारणीत उतरतो. तोपर्यंत तो लिहिणारा विद्यार्थी कोण व कोठे, हे कोणालाच सांगता येत नाही. संशोधनाच्या नीतीशी हे सुसंगत आहे असे म्हणता येणार नाही, मग सांख्यिकी कितीही निर्दोष असो.

यावरून काही किमान अपेक्षा निष्पन्न होतात आणि त्या एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातल्या आहेत. प्रश्नावली मोठ्या नमुन्यास देण्यापूर्वी ती पंधरा-वीस व्यक्तींसमोर एक-एक प्रश्न वाचून 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारावे आणि मिळालेली उत्तरे प्रबंधात छापावीत. नमुन्याच्या काही भागाची तरी प्रशिक्षित व्यक्तीकडून मुलाखत व्हावी आणि सीमा त्यावरून ठरवावी; ते शक्य नसेल, तर गुणांवरून 'ग्रस्त' हा शब्द वापरू नये, 'पुढील तपासणीस योग्य' एवढेच म्हणावे. झोप, थकवा व भूक यांचे गुण वेगळे दाखवावेत आणि राहणीची माहिती त्यांच्याबरोबर द्यावी. नववा प्रश्न विचारावयाचा असेल, तर व्यक्ती खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी तो कोणीतरी पाहावा. जवळचा मानसोपचार विभाग आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या हाती द्यावा. एवढी सोय करणे शक्य नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार संशोधकाला पोहोचत नाही, आणि तसा प्रबंध स्वीकारण्यापूर्वी मार्गदर्शकानेही तो थांबवावा.